माईच्या उन्हातलं झाड

ज्या माणसाला उभ्या जन्मात घरातला पाण्याचा तांब्या कुठे असतो हे ठाऊक नव्हतं, तो माणूस आता दोन्ही हातांत बादल्या घेऊन रस्त्यावरच्या झाडांना पाणी पाजत हिंडत होता. आणि वर डोक्यावर हिरवी टोपी. या वयात! टोपी घातली की आपण तरुण दिसतो, असं कुणीतरी त्याच्या डोक्यात भरवलं असावं, नाहीतर घरात जेवतानाही ती काढायची नाही म्हणजे काय?

हा माणूस माईचा नवरा होता, म्हणून तर पंचाईत. दुसऱ्या कुणाचा असता तर माईने दुकानात बसल्या बसल्या मजा बघितली असती.

नवरा बसमध्ये कंडक्टर होता. सगळी गल्ली त्याला अजून कंडक्टरच म्हणते. नोकरीभर उभा राहिला आणि निवृत्त झाल्यावर जो खुर्चीत बसला, तो उठायचं नाव घेईना. माईने त्याला गादीच्या दुकानात मदतीला बोलावून पाहिलं. उशी शिवायला दिली, तर दाभण स्वतःच्याच बोटात घातलं. कापूस निवडायला बसवलं, तर कापसावरच घोरायला लागला. शेवटी माईने हात टेकले. म्हणाली, "तुम्ही आपले बसा. बसलेले असलात की निदान कुठे आहात ते कळतं."

अशात शहराच्या बागखात्याने रस्तोरस्ती झाडं लावायचं काढलं. रोपं खातं देणार, भोवतीची जाळी खातं देणार, खड्डे खणायचे आणि झाडं सांभाळायची ती मात्र गल्लीतल्या लोकांनी. हौशी मंडळी पुढे आली. त्यांना म्होरक्या पाहिजे होता. कंडक्टरचा आवाज मोठा, आणि जवळ शिट्टीही होती. झाला म्होरक्या. जो माणूस घरात मीठ कमी आहे हेसुद्धा कुजबुजत सांगायचा, तो चौकात उभा राहून "चला, खड्ड्यात कोण उतरतंय? चला लवकर!" असं ओरडायला लागला. माईने दुकानातून तो आवाज ऐकला तेव्हा आधी तिला वाटलं, कुणीतरी दुसराच आहे.

तोवर ठीक होतं. टोपी माईने सहन केली, बादल्या सहन केल्या, घरभर उमटलेली चिखलाची पावलंसुद्धा शिव्या घालत का होईना पुसली. पण एक दिवस ती कापडबाजारात गेली, पट्ट्यापट्ट्यांचं गादीचं कापड आणायला. गठ्ठा घेऊन रिक्षातून उतरते तो काय! तिच्या दुकानासमोर, बरोबर मधोमध, फूटपाथच्या फरशा उचकटलेल्या. मातीचा ढीग. आणि खड्ड्याच्या आतून एक हिरवी टोपी वर-खाली होतेय.

"हे काय आहे?" माईने विचारलं.

टोपी थांबली. "खड्डा," आतून आवाज आला.

"खड्डा मला दिसतोय. अजून आंधळी झाले नाही. कुणाचा आहे?"

"झाडाचा."

"आणि जागा कुणाची आहे?"

यावर टोपी आणखी खाली गेली. उत्तर येणार कुठून? ती जागा माईची होती, हे गल्लीतलं शेंबडं पोरही सांगेल. कागदावर ती शहराची असेल, पण तिथलं ऊन माईचं होतं. सकाळी समोरच्या औषधाच्या दुकानावरून ते ऊन उतरायचं आणि दुपार कलेपर्यंत त्या फूटपाथवरून हलायचं नाही. माई त्यात कापूस पसरायची. लोकांच्या जुन्या गाद्या उसवायची, आतले दगडासारखे झालेले गोळे काठीने झोडपून मोकळे करायची आणि उन्हात घालायची. ऊन लागलं की कापूस फुलतो, दमट वास जातो, गादी पुन्हा गादीसारखी होते. यंत्रावर पिंजून आणलेला कापूस असला तरी माई त्याला ऊन दाखवल्याशिवाय खोळीत भरत नसे. त्या उन्हावर तिने दोन मुलींची लग्नं केली होती. कंडक्टरचा पगार होताच की, पण तो पगार कसा होता, ते माईला विचारा.

"बागखात्याच्या बाई आल्या होत्या," कंडक्टर खड्ड्यातूनच म्हणाला. "म्हणाल्या, ह्या दुकानवाल्यांची हरकत नाही ना? मी म्हटलं, काही हरकत नाही."

"दुकानवाले म्हणजे कोण? तुम्ही?"

"मी घरातला माणूस..."

"घरातला माणूस! दाभण धरता येत नाही आणि म्हणे दुकानवाले! वर या आधी!"

वर यायला कंडक्टरला जमेना. खड्डा इतका खोल झाला होता की औषधवाल्याने आणि केस कापणाऱ्याने एकेक हात धरून त्याला ओढून काढला. गल्लीत सगळ्यात खोल खड्डा आपला, याचा त्याला अभिमान वाटत होता, पण तो दाखवायची वेळ ही नव्हे एवढं त्याला कळलं. माई मात्र फूटपाथवर कापडाचा गठ्ठा आपटून उभी राहिली आणि तिने तोंडाचा पट्टा सोडला. गिऱ्हाईकं थांबली, केस कापणाऱ्याच्या खुर्चीतला माणूस अर्ध्या दाढीने बाहेर आला, वरच्या गॅलरीत नणंदबाई येऊन उभ्या राहिल्या. आणि सगळ्यांच्या देखत माई बोलून गेली, "लावा! लावाच तुम्ही! माझं ऊन खाऊन हे झाड इथे कसं टिकतं, तेच बघते मी!"

झाड लावलंच. तोपर्यंत बागखात्याची गाडी रोप देऊन गेली होती, आणि खणलेला खड्डा तसाच ठेवला असता तर त्यात कुणीतरी पडलं असतं. एवढीशी काटकी, टोकाला चार पानं, आणि भोवती लोखंडी जाळी, जणू काही सिंहच कोंडलाय. माईने दुसऱ्या दिवसापासून कापूस जाळीच्या दोन्ही बाजूंना अर्धा अर्धा पसरायला सुरुवात केली. काटकीची सावली ती काय पडणार, पण उद्याचं दिसत होतं ना. येता-जाता ती त्या काटकीकडे असं बघायची, की सावत्र सासूही बरी म्हणावं.

आणि महिनाही झाला नाही तोच पानं पिवळी पडायला लागली.

आधी एक, मग दुसरं. मग शेंडा मान टाकल्यासारखा लवला. गल्लीतली बाकीची झाडं तरतरीत होती, औषधवाल्याच्या दारातलं तर फुटून वर आलं होतं. माईच्याच दारातलं तेवढं मरायला टेकलं. कुणी काही बोललं नाही. पण न बोलणं कसं असतं, हे माईला बरोबर कळत होतं. केस कापणारा रोज सकाळी "माई, झाला का चहा?" म्हणून विचारायचा, तो आता मान खाली घालून वस्तरा घासायचा. दोन उशा शिवायला टाकून गेलेली बाई उशा घेऊन गेली, पण जाताना झाडापाशी थांबून चुकचुकली. औषधवाल्याने एक पाटी आणून जाळीला बांधली: 'झाडास इजा करू नये.' ती पाटी रस्त्याकडे तोंड करून असायला नको का? ती दुकानाकडे तोंड करून होती.

नणंदबाई वरच्याच मजल्यावर राहायच्या. त्या एकदा वाटीभर साखर मागायला खाली आल्या आणि दारातच घुटमळल्या.

"वहिनी, एक सांगू का? रागावू नका."

"वन्सं, रागावणार असेन तर सांगून रागावेन. बोला."

"नाही, म्हणजे... मुका जीव असतो हो. त्याला बोलता येत नाही."

"कुणाला? तुमच्या भावाला?"

"झाडाला म्हणतेय मी!" नणंदबाई म्हणाल्या आणि साखर न घेताच वर गेल्या.

माई वाटी हातात धरून उभी राहिली. आत्ता कुठे तिला पुरतं उमगलं. सगळ्या गल्लीला वाटत होतं, माईच झाडाला मारतेय. कढत पाणी ओततेय, मीठ घालतेय, काय काय करतेय कोण जाणे!

आता हे साधं नव्हतं. गादीच्या आत काय भरलंय, हे गिऱ्हाईक उसवून बघत नाही. वर स्वच्छ खोळ, आत चिंध्या कोंबलेल्या असे गादीवाले शहरात ढिगाने होते. लोक लांबून माईकडे यायचे, कारण माई तोंडावर सांगायची, "हा कापूस जुना आहे, अर्धा टाकावा लागेल," किंवा "ही गादी नका करू, पैसे पाण्यात जातील." तोंड वाईट पण माल चोख, अशी तिची ख्याती. तिच्या तोंडाकडे बघून लोक गादीवर झोपत होते. आणि आता त्याच लोकांना वाटायला लागलं होतं की ही बाई पाठीमागे काहीतरी करते. आज झाडात, उद्या गादीत.

"मला मारायचं असतं," माई रिकाम्या दुकानात मोठ्याने म्हणाली, "तर भर रस्त्यात उपटून फेकलं असतं. माझ्या हाताला काय झालंय?"

म्हणजे दुसरंच कुणीतरी आहे. झाडावर डूख धरतंय आणि नाव माईचं जातंय. त्याला पकडायचं, असं तिने ठरवलं.

दुपारचं जेवण झालं की माई दुकानाचं शटर अर्धं ओढून झोपायची, हे सगळ्यांना माहीत होतं. त्या दिवशी तिने शटर ओढलं, पण झोपली नाही. आत रजयांची थप्पी होती, तिच्यावर ती पोटावर आडवी झाली आणि शटरखालच्या फटीतून बाहेर बघत राहिली. गुडघे कुरकुरत होते. रजईतला एक टाका गालाला टोचत होता. स्वतःच घातलेला टाका, दोष तरी कुणाला देणार?

रस्ता सामसूम झाला. आणि केस कापणारा दुकानाबाहेर आला. त्याने इकडे तिकडे पाहिलं. शटरकडे पाहिलं. मग चवड्यांवर चालत जाळीपाशी आला, पाठीमागे लपवलेला मग पुढे घेतला, पाणी ओतलं आणि पळत सुटला. पळताना त्याची चप्पल निघाली, तीही त्याने तशीच सोडली आणि नंतर वाकून, हात लांब करून ओढून घेतली.

माईला काही कळेना. मारणारा कुठे आहे? हा तर पाणी घालतोय.

थोड्या वेळाने औषधवाला आला. त्याच्याकडे बाटली होती. बाटलीच्या झाकणात मोजून, उजेडात धरून, पुन्हा एकदा नीट मोजून त्याने काहीतरी लाल मातीत सोडलं, मग "वरून पाणी घ्यायचं" असं स्वतःशीच पुटपुटत अख्खी कळशी रिकामी केली. तेवढ्यात वरून धबकन पाणी आलं. नणंदबाईंनी गॅलरीतून तांदळाचं धुवण सोडलं होतं. नेम औषधवाल्याच्या खांद्यावर लागला. बिचारा ओरडलाही नाही. ओरडला असता तर माई उठली असती ना! तो तसाच भिजलेला, भिंतीला चिकटून चिकटून परत गेला. नणंदबाईंनी खाली कोण होतं ते पाहिलंही नाही, कारण पातेलं उपडं करताना त्या डोळे मिटून घ्यायच्या. दुसरं पातेलं मात्र बरोबर झाडावर पडलं.

माईने रजईत तोंड खुपसलं. तिला हसू आवरेना. एवढी मोठी माणसं, आणि चोरीचा धंदा करून पाणी घालतायत! तिला वाटलं, आता एकदम शटर वर करावं आणि बाहेर जाऊन सगळ्यांची भंबेरी उडवावी. ती उठणार, एवढ्यात कंडक्टर आला.

दोन बादल्या. टोपी. त्याने बादल्या आवाज न करता खाली ठेवल्या. घरात त्याला एक फुलपात्र आवाज न करता ठेवता येत नव्हतं. मग तो जाळीपाशी उकिडवा बसला, एक बादली हळूहळू ओतली आणि झाडाशी बोलायला लागला.

"घाबरू नकोस," तो म्हणाला. "ती दिसते तशी नाही. म्हणजे, दिसते तशीच आहे. पण मी आहे ना. आत्ता झोपलीय ती. तेवढ्यात पिऊन घे बाबा."

मग दुसरी बादली ओतली आणि निघून गेला.

माई उठली नाही. रजयांवर तशीच पडून राहिली. बोलायला गेली तर शब्द सापडेना. असं तिच्या आयुष्यात कधी झालं नव्हतं. केस कापणाऱ्याला भीती वाटते, वाटू दे. तो परका. औषधवाला परका. नणंद तर नणंदच, तिच्याकडून दुसरी अपेक्षाच नाही. पण हा?

रात्री तिने नेहमीसारखं ताट वाढलं. कंडक्टर टोपी घालून जेवला. ताटात काय आहे ते न बघता, पेपर वाचत, बोटं चाटूनपुसून जेवला. माई समोर बसून त्याच्याकडे बघत होती.

"काय झालं?" त्याने विचारलं.

"काही नाही. जेवा," माई म्हणाली. कंडक्टरला जरा धास्ती वाटली, कारण बायको इतकं कमी कधी बोलली नव्हती.

दुसऱ्या दिवशी सकाळी बागखात्याच्या बाई झाडं तपासायला आल्या. तरुण, उंच, पायात बूट, हातात फावडं. कंडक्टरने शिट्टी वाजवली तशी हौशी मंडळी जमली, आणि त्यांच्यामागून न बोलावलेलीही जमली. गल्लीतली बाकीची झाडं पाहून बाईंनी शाबासकी दिली. मग सगळे गादीच्या दुकानासमोर आले.

बाईंनी पिवळं पान हातात घेतलं, ते गळून हातातच आलं. "ह्याला पाणी कोण घालतं?"

कंडक्टर खाकरला. "तुम्ही सांगितल्याप्रमाणे. आठवड्यातून दोनदा."

"आणखी कुणी?"

केस कापणारा आकाशाकडे बघायला लागला. औषधवाला चष्मा पुसायला लागला. नणंदबाई गॅलरीत होत्या, त्या आत सरकल्या.

"मी सांगू का?" दुकानाच्या पायरीवरून माईचा आवाज आला.

सगळ्यांच्या माना वळल्या. कंडक्टरच्या चेहऱ्यावरचा रंगच उतरला.

"काल दुपारी हा आला," माईने केस कापणाऱ्याकडे बोट केलं. "चोरासारखा. मग हे औषधाच्या दुकानाचे मालक. लाल रंगाचं शक्तीचं औषध पाजलं आणि वर कळशीभर पाणी. मग वन्संनी वरून दोन पातेली सोडली. वन्सं, आत नका जाऊ, पदर दिसतोय! आणि मग आमचे हे. दोन बादल्या. हे सगळं एका दुपारचं. रोजचं काय ते त्यांचं त्यांना माहीत."

"तूही घालतोस?" औषधवाल्याने केस कापणाऱ्याला विचारलं.

"म्हणजे तुम्हीपण? मला वाटलं, मी एकटाच!"

"ते पहिलं पातेलं तुमचं होतं तर?" औषधवाला वर बघून ओरडला. "माझा सदरा खराब झालाय!"

बागखात्याच्या बाईंनी फावडं मातीत घातलं. चप्प असा आवाज झाला. दुसऱ्या फावड्याला माती आलीच नाही, गाळ आला, आणि असा वास सुटला की पुढची रांग मागे सरकली. बाईंनी नाकावर हात धरून आत पाहिलं.

"खड्डा किती खोल खणलाय?"

कंडक्टरने, अशाही परिस्थितीत, जरा छाती काढून हात छातीपाशी धरला. "एवढा. गल्लीत सगळ्यात खोल."

"मी गुडघ्यापर्यंत सांगितलं होतं!"

"म्हटलं, मुळांना जरा ऐसपैस..."

"अहो काका, खाली सगळी चिकणमाती. पाणी निघायला वाट नाही. तुम्ही विहीर खणलीत आणि त्यात झाड उभं केलंत! मूळ कुजायला लागलंय. हे बुडून मरतंय!" बाईंनी कपाळाला हात लावला. "पण हे सगळे लपून का घालत होते पाणी?"

सगळ्यांनी जे केलं ते बोलण्यापेक्षा वाईट होतं. सगळ्यांनी माईकडे पाहिलं.

बाई हुशार होत्या. त्या समजल्या आणि त्यांनी विषय बदलला. "ठीक आहे. हे काढून टाकू. खड्डा बुजवून फरशा बसवून देतो. काकूंची तशीही हरकत होती असं कळलं मला, ऊन जातं म्हणून. पलीकडच्या गल्लीतले लोक केव्हाचे मागतायत, त्यांना देऊ ह्या जागेचं नवं रोप. म्हणजे कुणाचीच तक्रार नको."

माईच्या कानांवर शब्द आले आणि तिचा विश्वास बसेना. ऊन परत! अख्खं, मधोमध, जाळीशिवाय! तिला समोर पांढरा शुभ्र कापूस या टोकापासून त्या टोकापर्यंत पसरलेला दिसायला लागला. मागायलासुद्धा लागलं नाही. आपण होऊन चालत आलं होतं. फक्त मान हलवायची होती.

तेवढ्यात केस कापणारा शेजारच्याला हळूच म्हणाला, "चला, माईच्या मनासारखं झालं."

हळू म्हणाला, पण माईचे कान कसे होते, ते त्याला माहीत असायला हवं होतं.

माईने ती फरशा बसवलेली जागा मनात पाहिली. नवी फरशी जुन्या फरशीत कधी मिसळत नाही, कायम वेगळी दिसते. येणारा-जाणारा बोट दाखवणार. इथे झाड होतं. त्या गादीवालीला नको होतं, मेलं बघा शेवटी. पाणी कुणी किती घातलं, खड्डा कुणी किती खणला, हे चार दिवसांत सगळे विसरणार. लक्षात काय राहणार? तिने सगळ्यांदेखत म्हटलेलं तेवढं. त्या उन्हात मग कितीही कापूस फुलवा, गिऱ्हाईक गादीला हात लावताना एकदा तिच्या तोंडाकडे बघेल, आणि आधी बघायचं तसं बघणार नाही.

"नाही," माई म्हणाली.

"काय नाही काकू?"

"काढायचं नाही. इथेच लावायचं. इथेच म्हणजे इथेच, वीतभरसुद्धा इकडे तिकडे नाही."

"वहिनी, बरं वाटतंय ना?" गॅलरीतून आवाज आला.

"वन्सं, तुम्ही पातेली घासा! अगं मुली, तू शिकलेली आहेस, तुला ठाऊक असेल. हे वाचवायचं तर काय करावं लागेल?"

बाई विचारात पडल्या. "उचलून बाहेर काढायचं. कुजलेली मुळं कापायची. खाली विटांचे तुकडे, वाळू, चांगली माती. वर उंचवट्यावर बसवायचं. पण जगेलच असं मी सांगू शकत नाही काकू. आणि जगलं, तर चांगलं मोठं होणारं झाड आहे. तुमचं ऊन..."

"माझ्या उन्हाचं मी बघेन. जगलं तर आपल्या पायावर जगू दे, मेलं तर माझ्या डोळ्यांदेखत मरू दे. पण लपून काही होणार नाही." माईने पदर खोचला. "ए, तू! उभा काय राहिलास? तुझ्या दुकानामागे पडक्या भिंतीच्या विटा आहेत, त्या फोडून आण. आणि तुम्ही, मालक, वाळू बघा. झाकणाने मोजून आणू नका, घमेल्याने आणा!"

पळापळ झाली. औषधवाल्याने खरोखरच घमेलं आणलं. कंडक्टर स्वतःच्या खड्ड्यात पुन्हा उतरला आणि गुडघाभर गाळात उभा राहून डब्याने पाणी उपसायला लागला. बागखात्याच्या बाईंनी झाड आधीच अलगद वर काढलं होतं. काळी पडलेली मुळं त्या कात्रीने कापत होत्या तेव्हा माई अगदी जवळ वाकून बघत होती, आणि प्रत्येक कापाला तिचं तोंड असं वेडंवाकडं होत होतं की बाईंनी शेवटी हसू दाबत सांगितलं, "काकू, दुखत नाही त्याला."

"तुला काय माहीत," माई म्हणाली.

उन्हं डोक्यावर आली तेव्हा झाड पुन्हा उभं राहिलं. आधीपेक्षा बुटकं, टक्कल पडल्यासारखं, पण उंचवट्यावर. त्या दिवशी माईने कापूस पसरलाच नव्हता, आणि ते तिच्या ध्यानातही आलं नव्हतं.

"आता पाणी मी सांगेपर्यंत एक थेंबही नाही," बाई म्हणाल्या. "आणि मग रोज विचारून. जबाबदारी एकाच माणसाची. कुणाची?"

कंडक्टरने चिखलाचा हात वर केला. माईने तो हात धरून खाली केला आणि आपला वर केला. औषधवाल्याने पुढे होऊन ती पाटी सोडली आणि मुकाट्याने काखेत मारून घेऊन गेला.

मंडळी पांगली. कंडक्टर दुकानाच्या पायरीशी येऊन उभा राहिला. आत यावं तर सगळं चिखलाने भरलेलं अंग, बाहेर राहावं तर बायको बोलत नाही. टोपी त्याने काढून हातात धरली होती. केस चिकटून बसले होते, आणि तो एकाएकी त्याच्या खऱ्या वयाचा दिसायला लागला.

"चुकलंच माझं," तो म्हणाला. "जागा तुला न विचारता द्यायला नको होती. आणि खड्डा..."

"खड्ड्याचं सोडा," माई म्हणाली. तिने समोरची गादी बाजूला सारली, पायरीवर येऊन बसली आणि सगळ्या गल्लीला ऐकू जाईल अशा आवाजात बोलायला लागली. "खड्डा अडाण्यासारखा खणलात, तो माफ. मला न विचारता माझं ऊन दान केलंत, तेही मी आज गिळलं. पण काल मी रजयांवर जागी होते. तुम्ही त्या काटकीला काय सांगत होतात, ते सगळं ऐकलंय मी. लग्न झाल्यापासून माझ्या हातचं खाताय. ताटात काय पडलंय ते एक दिवस वाकून बघितलं नाहीत, इतका माझा भरवसा. आणि ती मी, एका झाडाला चोरून मारीन असं वाटलं तुम्हाला? मी भांडते. मी शिव्या घालते. मी तुमच्या सात पिढ्या काढते. पण ते सगळं तोंडावर. लपूनछपून काही करणारं माणूस या घरात एकच आहे, आणि ते मी नाही. तेव्हा आता ऐका. झाड आजपासून माझं. त्याला पाणी मी घालणार, भर उन्हात, सगळ्यांच्या देखत, आणि ते वाढून माझं ऊन खायला लागेल तेव्हा कापूस वरच्या गच्चीवर नेऊन वाळवायचं काम तुमचं. आणि पुन्हा कधी माझी भीती वाटली, तर माझ्याकडे येऊन सांगायचं. मी ओरडेन, पण ऐकून घेईन."